चेक लाइट, पी-०१७१ कोड आणि उगाच बदललेला सेन्सर

चाळीसगावहून आलेली विचारणा थोडक्यात अशी: आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. कन्नडचा घाट चढताना पिवळी चेक लाइट (इंजिनाच्या चित्राचा दिवा) लागली. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी-०१७१ कोड निघाला. ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला, कोड उडवला. आठवडा झाला नाही तर लाइट परत हजर. आता दुसरा फिटर धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला म्हणतो. सोबत आणखी तीन गोष्टी विचारल्या आहेत: कोणता दिवा लागला की गाडी जागेवर उभी करायची, स्वतःचं छोटं स्कॅनर घ्यावं का, आणि भाऊ जुनी डिझेल एसयूव्ही घेतोय तर तिच्यात काय बघायचं.

दादा, कन्व्हर्टरला आत्ता कोणाला हात लावू देऊ नका. पी-०१७१ चा अर्थ 'ऑक्सिजन सेन्सर खराब' असा नाही. इंजिनात जाणाऱ्या मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडतंय, ईसीयूने, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरने, पेट्रोल वाढवून वाढवून पाहिलं, तरी भागेना, एवढंच तो कोड सांगतो. आणि ही बातमी ईसीयूला दिली कोणी? धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या त्याच सेन्सरने. म्हणजे ज्याने तक्रार नोंदवली त्यालाच नोकरीवरून काढलं. सेन्सर स्वतः बिघडला की कोड वेगळे येतात: पी-०१३० म्हणजे त्याचं सर्किट, पी-०१३३ म्हणजे तो सुस्त झालाय, पी-०१३५ म्हणजे त्याच्या आतला हीटर गेलाय. कन्व्हर्टरचा कोड पी-०४२०. तुमच्याकडे यातला एकही नाही, मग कन्व्हर्टर कशावरून?

स्कॅनरवर जे दिसतं ते लक्षण असतं, निदान नसतं. गावोगाव स्कॅनर पोहोचले, पण कोड वाचून सरळ पार्ट मागवायची सवयही सोबत आली. गिऱ्हाइकाला स्क्रीनवर इंग्रजी ओळ दाखवली की तोही मान डोलावतो.

कोड कसा वाचायचा ते एकदा समजून घ्या, पुढे कोणी फसवणार नाही. पहिलं अक्षर 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, 'सी' म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगची बाजू, 'बी' म्हणजे बॉडी, एअरबॅग वगैरे, आणि 'यू' म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं तुटलंय. त्यापुढचा आकडा ० असेल तर कोड सगळ्या कंपन्यांत सारखा, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, आणि तिथे इंटरनेटवरचा सर्वसाधारण अर्थ लावू नका. तिसऱ्या जागी १ किंवा २ असेल तर इंधन-हवा, ३ म्हणजे स्पार्क आणि मिसिंग, ४ म्हणजे धूर शुद्ध करणारी यंत्रणा, ७ म्हणजे गिअरबॉक्स. पी-०३०३ आला की तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय हे कळतं. प्लगमुळे, कॉइलमुळे, इंजेक्टरमुळे की कॉम्प्रेशनमुळे, हे मात्र कोड सांगत नाही. तिथे साधी युक्ती आहे. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावा. कोड पी-०३०१ झाला तर कॉइल दोषी, पी-०३०३ च राहिला तर दुसरीकडे बघा. यात पैसे लागत नाहीत.

ही सगळी व्यवस्था मुळात धुरासाठी जन्मली. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या नव्या कारना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्वतः नोंदवायची पद्धत, सक्तीची झाली, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. आपल्याकडे बीएस-४ या धुराच्या सरकारी निकषांसोबत एप्रिल २०१० पासून पहिला टप्पा आला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा. त्यामुळे चेक लाइट गाडीच्या एकूण तब्येतीबद्दल बोलत नाही. ब्रेक पॅड संपले, टायर गुळगुळीत झाले, इंजिन ऑइल दोन वर्षं बदललं नाही, तरी ती शांतच राहील. उलट टाकीच्या वाफेचा एखादा पाइप सैल असेल तरी ती पेटेल, आणि गाडी मात्र मजेत चालेल.

आता तुमच्या गाडीकडे. लाइट घाटात लागली म्हणून बिघाड घाटातच झाला असं धरू नका. बहुतेक दोष पहिल्या फेरीत दिसले की ईसीयू ते 'पेंडिंग' म्हणून लिहून ठेवतो आणि पुढच्या फेरीत पुन्हा दिसले तरच लाइट पेटवतो. त्या क्षणीची परिस्थिती तो जपून ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात: वेग किती, आरपीएम किती, इंजिनावर लोड किती, कूलंटचं तापमान किती, पेट्रोलची दुरुस्ती किती टक्के. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या पानावर होतं. कोड उडवला की ते पानही पुसलं जातं. बॅटरीचं टर्मिनल काढून लाइट घालवली तरी बहुतेक गाड्यांत तेच होतं, वर ईसीयूने शिकलेले आकडेही जातात आणि दोन-चार दिवस आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचं चालणं) वरखाली होत राहतं. लाइट आता परत आली आहे ना, मग उडवायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा मोबाइलवर फोटो काढा.

मग लाइव्ह डेटात दोन आकडे बघा: शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम. ठरलेल्या मापापेक्षा ईसीयू किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय ते हे आकडे सांगतात. दोन्हींची बेरीज करायची. पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, दहापर्यंत चालतं, आणि वीस-पंचवीसच्या पुढे गेली की पी-०१७१ येतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर एसी बंद करून आधी आयडलवर बेरीज घ्या, मग २,५०० आरपीएम धरून घ्या, आणि शेवटी कोणाला तरी शेजारी बसवून चढावर लोडमध्ये घ्या. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही.

आयडलवर बेरीज मोठी आणि रेस दिल्यावर ती उतरत असेल तर हवा चोरून आत शिरतेय, असा पहिला संशय घ्यायचा: इनटेकचा तडकलेला होज, इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी पण कडक झालेली पीसीव्ही नळी, ब्रेक बूस्टरचा पाइप. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तिथे आठ वर्षं शिजलेलं रबर हाताने वाकवलं की भेगा दिसतात. पण एक मेख आहे. हे गणित हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांचं. आपल्या कितीतरी छोट्या पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसतो, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा एमएपी असतो. तिथे चोरून शिरलेल्या हवेने दाब वाढतो, ईसीयूला तो दिसतो आणि तो पेट्रोलही वाढवतो. मग मिश्रण फारसं पातळ होत नाही, नुसतं आयडल चढतं. म्हणून तुमच्या गाडीत कोणता सेन्सर आहे ते फिटरला आधी विचारा. एमएपी असेल आणि आयडल जागेवर असेल तर होज शोधण्यात दिवस घालवू नका.

आयडलवर ठीक, पण चढावर बेरीज वाढतेय असं दिसलं तर पेट्रोल पुरत नाहीये. टाकीतल्या पंपाची जाळी किंवा फिल्टर तुंबला असेल, पंप थकला असेल, नाहीतर इंजेक्टर घाण झाले असतील. कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचा पंप लवकर जातो, कारण पंपाला थंड ठेवायचं काम टाकीतलं पेट्रोलच करतं. इथे स्कॅनर बाजूला ठेवून प्रेशर गेज लावायचा. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत दाब साधारण ३ ते ४ बार हवा, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो, आणि रेस दिल्यावर तो कोसळता कामा नये. तिसरी शक्यता एक्झॉस्टची. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे मॅनिफोल्डला चीर किंवा गॅस्केट गळत असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला मिश्रण पातळ असल्याचा भास होतो. थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर जातो का, कान देऊन ऐका.

तुमच्या वर्णनावरून माझा कौल पेट्रोलच्या दाबाकडे झुकतो, पण आकडे बघितल्याशिवाय पंप बदलू नका. नाहीतर सेन्सरची गत पंपाची.

यात इथेनॉलचाही थोडा वाटा आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. म्हणून ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) भरलं की तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. दहा टक्के मिश्रणावर जुळवलेल्या जुन्या गाडीत ट्रिम त्यामुळे तीन-चार टक्के वर सरकते. एवढ्याने लाइट लागत नाही. पण फिल्टर तुंबून जी गाडी आधीच काठावर होती ती त्या धक्क्याने पलीकडे जाते, आणि मालक पेट्रोल पंपावर भांडायला जातो. बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर आणखी एक प्रश्न: फ्रीझ फ्रेमच्या वेळी गाडी गॅसवर होती की पेट्रोलवर? किटचं ट्यूनिंग चुकलं असेल तर कोड इंजिनावर येतो आणि दोष किटचा असतो.

आता दिवे. लाल म्हणजे थांबा आणि पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, हे सर्वांना ठाऊक आहे. खरी गंमत अपवादांत आहे.

ऑइलच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर इंजिन तिथेच बंद करा. 'घर दोन किलोमीटरवर आहे' हा हिशेब इथे चालत नाही. तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. दाब नाही म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये धातूवर धातू घासतोय. डिपस्टिकवर ऑइल पुरेसं दिसलं तरी गाडी टो करूनच न्यायची.

तापमानाचा लाल दिवा लागला तरी बाजूला घेऊन इंजिन बंद. बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांत काटाच नसतो, इंजिन थंड असताना निळा दिवा आणि जास्त गरम झालं की लाल, एवढंच. काटा असलेल्या गाडीत तो लालकडे सरकू लागला पण पोहोचला नसेल, तर एसी बंद करून हीटर फुल्ल लावा, काचा उघडा. घामाने भिजाल, पण हेड गॅस्केट वाचेल. वर गेलेला काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका. कूलंट पूर्ण निघून गेलं की सेन्सरच्या टोकाशी पाणी उरत नाही आणि तो खोटं कमी तापमान दाखवतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आणि आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट म्हणजे बोअरचं पाणी ओतणं. ते जड असतं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार धरतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात लळिंग किंवा कोंडाईबारीच्या चढावर गाडी पुन्हा उकळते. अडल्या वेळी घातलं तर घातलं, नंतर काढून योग्य कूलंट भरा.

बॅटरीचा लाल दिवा म्हणजे चार्जिंग होत नाही. लगेच थांबायची गरज नसते असं सांगतात, पण ज्या गाडीत बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचाच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो तिथे बेल्ट तुटला की दोन्ही जातात आणि दहा मिनिटांत इंजिन तापतं. म्हणून एकदा उतरून बेल्ट जागेवर आहे का ते बघा. लाल ब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडूनही विझत नसेल तर ब्रेक ऑइल कमी झालंय. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, गळती असली की झपाट्याने. गळती असेल तर गाडी हलवू नका. एबीएसचा पिवळा दिवा एकटाच असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त चाक लॉक होऊ शकतं. एअरबॅगचा दिवा सतत लागलेला असेल तर अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही. लोक वर्षानुवर्षं तसेच फिरतात.

पिवळ्या चेक लाइटचाही एक अपवाद आहे. ती स्थिर असेल तर जपून चालवत गॅरेज गाठा. पेट्रोल गाडीत ती लुकलुकत असेल तर मिसिंग जोरात आहे आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय. अशी गाडी रेटली की कन्व्हर्टर आतून वितळतो, आणि तो कॉइलच्या कितीतरी पट महाग. ॲक्सिलरेटर सोडा, शक्य तितक्या लवकर थांबा.

सगळे दिवे एकदम लागले, इंजिन, एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, तर चार सिस्टिम एका रात्रीत बिघडल्या असं नसतं. आधी बॅटरीचा व्होल्टेज बघा. रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५. मग टर्मिनल आणि अर्थिंगची वायर. तेही ठीक असेल तर उंदराने कुरतडलेली वायर. कापूस साठवलेल्या खोलीशेजारी किंवा मळ्यात गाडी लावणाऱ्यांकडे हिवाळ्यात हे ठरलेलं. 'यू'ने सुरू होणारे कोड रांगेने आले की मी स्कॅनर ठेवतो आणि टॉर्च घेतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरवर इंजिनावर प्रेशरने पाणी मारून घेतात, आणि पूजेच्या दिवशीच गाडी मिसिंग मारते, तीही याच जातीतली गोष्ट. कपलरमधलं पाणी सुकवा, कोड उडवा, पार्ट घेऊ नका.

भावाच्या डिझेलकडे येऊ. तिच्या डॅशबोर्डवर आणखी तीन दिवे असू शकतात. गुंडाळीसारखा ग्लो प्लगचा दिवा चावी फिरवल्यावर विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारायचा. काही गाड्यांत तोच दिवा चालताना लुकलुकला तर इंजिनाचा दोष समजायचा. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचल्याचा दिवा लागला तर तळाचा स्क्रू सोडून पाणी काढून टाका. ड्रमातलं डिझेल भरणाऱ्यांना तो वारंवार दिसतो. दुर्लक्ष केलं तर पंप आणि इंजेक्टर जातात, आणि ते बिल बघवत नाही.

तिसरा डीपीएफचा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल कारमध्ये काजळी अडवणारा हा फिल्टर असतो. भरत आला की ईसीयू जादा डिझेल सोडून त्याचं तापमान सुमारे ६०० अंशांवर नेतो आणि काजळी जाळतो. त्यासाठी गाडी सलग धावायला हवी. घर ते मळा, मळा ते मार्केट अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते जळणं दरवेळी अर्धवट राहतं. पिवळा दिवा लागला की जळगाव-धुळे हायवेवर एकसारख्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटं चालवा, बहुतेक वेळा विझतो. दिवा टाळत राहिलात तर पी-२४६३ (फिल्टरमध्ये काजळी जास्त साचल्याचा कोड) येतो, गाडीचा पिकअप बांधला जातो, आणि मग गॅरेजमध्ये स्कॅनर लावूनच फिल्टर जाळावा लागतो. अर्धवट जळण्यात डिझेल ऑइलमध्येही उतरतं, म्हणून अशा गाडीची डिपस्टिक वर चढलेली दिसली तर ऑइल बदला. आणि फिल्टर जळत असताना गाडी वाळलेल्या गवतावर किंवा पऱ्हाट्यांवर उभी करू नका, खालचा पाइप तापलेला असतो.

काही बीएस-६ डिझेल गाड्यांत डीईएफ, म्हणजे युरियाचं द्रावण भरावं लागतं. संपत आलं की डॅशबोर्ड उरलेले किलोमीटर मोजू लागतो, शून्यावर गेला की बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. शेतात युरियाची गोणी असली तरी ती पाण्यात विरघळवून ओतू नका. डीईएफमध्ये ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि क्षार काढलेलं पाणी असतं. शेतीच्या युरियावर २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप असतो. ते तेल आणि बोअरच्या पाण्यातले क्षार मिळून इंजेक्टर आणि पुढचा कॅटॅलिस्ट दोन्ही बसवतात.

स्वतःचं ब्लूटूथ स्कॅनर जरूर घ्या. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला ते लागतं, मोबाइलवर ॲप टाकलं की कोड, फ्रीझ फ्रेम आणि ट्रिम दिसतात. सगळ्यात स्वस्त नकली तुकडे काही गाड्यांशी बोलतच नाहीत, म्हणून परत करता येईल असं घ्या. त्यावर एबीएस आणि एअरबॅगचे कोड बहुधा येणार नाहीत, त्याला गॅरेजचा मोठा स्कॅनर लागतो. काम झालं की काढून ठेवा. त्या सॉकेटला चावी बंद असतानाही करंट असतो, आणि आठ-दहा दिवस उभ्या गाडीत जुनी बॅटरी बसू शकते. कोडिंग किंवा सेटिंग बदलणाऱ्या पर्यायांना हात लावू नका, नुसतं वाचा.

जुनी गाडी बघायला जाताना हेच स्कॅनर भावाला द्या. आधी सेल्फ न मारता चावी ऑनवर ठेवायला सांगा. त्या क्षणी चेक लाइट, ऑइल, बॅटरी, एअरबॅग, एबीएस, सगळे दिवे पेटायला हवेत आणि ठरल्या वेळी विझायला हवेत. चेक लाइट पेटतच नसेल तर ती कोणीतरी मुद्दाम मारली असू शकते. मग ॲपमध्ये 'रेडिनेस मॉनिटर' बघा. ईसीयू स्वतःच्या चाचण्या घेत असतो, आणि कोड उडवला की त्या चाचण्या पुन्हा अपूर्ण होतात, पूर्ण व्हायला काही दिवसांचं मिश्र चालवणं लागतं. बऱ्याच चाचण्या 'नॉट रेडी' दिसल्या तर कोड नुकताच उडवला आहे, नाहीतर बॅटरी काढली होती. ॲप 'कोड उडवल्यापासूनचं अंतर' दाखवत असेल तर तो आकडाही बघा. तीस-चाळीस किलोमीटर निघाला आणि मालक म्हणाला की गाडीला कधी पान्हा लागला नाही, तर बयाणा देऊ नका. आठ दिवस चालवून परत दाखवा म्हणा.